परत न येणारं विमान

वाचलंच कुणी तर शुद्धलेखन आणि वाकड्या अक्षराबद्दल माफ करा, चौथीच शिकले.

रविवारी मुलाने विमानांचं म्युझियम दाखवलं. जुन्या क्षेपणास्त्राला नवा रंग दिलेला. ते बघून त्याची शाळेची सहल आठवली. इथूनच घरी येऊन म्हणालेला, "आई, एका विमानात माणसाला जागाच नाही. सोडलं की परत येत नाही."

मला हसू आलं नाही. सहलीचे पैसे मी चाळीतल्या भिशीच्या डब्यातून घेतलेले. त्या महिन्याची भिशी उचलायची पाळी शेजारच्या कमलची. तिला म्हटलं, एकीचे पैसे आलेच नाहीत, आणि मला रडू फुटलं.

कमल म्हणाली, "तू कशाला रडतेस गं? डबा तुझ्याकडे आहे, मला घोर नाही."

ती आता आंबिवलीला राहते. काल तिच्या घरी जाऊन खरं सांगितलं, सगळे पैसे हातात ठेवले. तिने मोजलेसुद्धा नाहीत.