देवघरातली लाल बाटली

माझी मुलगी शाळेत होती त्या वर्षांत बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली. हंगाम संपला की आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटून बांधावर पेटवीत असू. अळी त्यातच मरावी, एवढाच हेतू. ती त्या धुरात मोठी झाली आणि पुढे शहरात रसायनशास्त्राचे संशोधन करू लागली.

एका दिवाळीत तिने बोटाएवढी काचेची बाटली आणली. आत डाळिंबाच्या रसासारखे लाल पाणी.

"आई, हे सोनं हाय."

"सोनं असं असते काय वं? एखादा मणी तरी आनला असता!" तिची आई म्हणाली.

सोन्याचे कण अतिसूक्ष्म केले की लाल दिसतात, ती म्हणाली. ते प्रकाश शोषतात आणि त्या बळावर धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपासून इंधनाच्या कामी येणारा वायू घडवता येतो.

"म्हंजे तुह्ये मजूर उन्हात राबतात," मी म्हणालो. "अन् आभाळ आलं तं?"

"सुट्टी, बाबा. आपल्यापेक्षा बरं हाय त्याइचं."

दुसऱ्या दिवशी शेतात तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. या पाण्यात क्षार गेले की कण एकमेकांना चिकटतात, लाल रंग निळा होतो आणि ते पुन्हा सुटे होत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात ती वसतिगृहात तापाने गेली.

बाटली तिच्या आईने देवघरात ठेवली, गंगेच्या गडूशेजारी. आमच्याकडे गंगाजल आटू देत नाहीत. उणे झाले की घरचे पाणी घालतात. मिसळले ते सारे गंगाजलच. बाटलीचे बूच सैल होते. पाणी उतरलेले दिसले, तेव्हा पत्नीने त्यातही विहिरीचे पाणी घातले. आमचे गाव शेगावकडच्या खारपाणपट्ट्यातले. त्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही.

मी शेतातून आलो तेव्हा पत्नी बाटली हातात धरून बसली होती. पाणी निळे पडले होते. सकाळी तळाशी काळा गाळ होता आणि वर साधे पाणी.

"उन्हात ठेवली तं लाल होईन का हो? उजेडावर चालते म्हने ते."

"ठेवून पाह्य," मी म्हणालो.

ती रोज बाटली ओट्यावर ठेवते, ऊन सरकेल तशी सरकवते आणि सांजेला आत नेते. तिने काही विचारण्याआधी मीच म्हणतो, "आज ऊन कमी होतं."