चार्ज द्यायचा राहिला

सुरुवातीलाच सांगते, भूतखेत, छाया-बिया असल्या गोष्टी मला पटत नाहीत. नर्स आहे मी, अकरा वर्षं झाली. वॉर्डात मयत झाकून ठेवलंय, नातेवाईक यायचेत, आणि शेजारच्या खोलीत मी डबा उघडून जेवतेय असं किती वेळा झालंय. कुणी भुताच्या गप्पा काढल्या की माझं डोकंच फिरतं. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय... पण लिहिल्याशिवाय डोक्यातून जाईना.

वडिलांच्या आजारपणामुळे मी पुण्याची नोकरी सोडून परभणीला माहेरी आले. इथं काम शोधायला लागले तर जे मिळेल ते तात्पुरतं. कुणाच्या बाळंतपणाच्या रजेवर दोन महिने, कुठं ‘पर्मनंट माणूस येईपर्यंत’. असंच एक आरोग्य उपकेंद्र मिळालं. बोरीच्या पुढं, फाट्यावरून सात किलोमीटर आत. तीन महिन्यांची ऑर्डर. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून ओळखीची आहेत.

आमच्यात ‘चार्ज देणे’ म्हणजे जाणाऱ्यानं येणाऱ्याच्या हाती सगळं सोपवायचं. किल्ल्या, औषधं आणि मुख्य म्हणजे कोणता पेशंट कसा आहे ते. मी हजर झाले तेव्हा चार्ज द्यायला कुणीच नव्हतं! आधीच्या वनिता सिस्टरला लातूरकडं कायमची ऑर्डर आली, ती गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडं किल्ली टाकून निघून गेली. मी मनातल्या मनात तिला चार शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दीडच्या सुमाराला, मी औषधं लावत होते. कापूस वेचणीचे दिवस, गावात चिटपाखरू नव्हतं. दारात कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळून बघितलं. तिशीतली बाई, निळी साडी, हनुवटीवर तीळ.

“मी वनिता सिस्टर. चार्ज द्यायचा राहिला.”

“आत्ता सुचलं होय?” मी म्हणाले. “या, बसा.”

ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच घाईघाईनं बोलायला लागली. “मळ्यातली मंगल, आठवा महिना सरत आलाय. तिला विचारू नका, ती बरं हाय म्हणून सांगते. कार्डावरचं बीपी बघू नका. तिच्या बांगड्या ऐका. वाजत नसल्या तर अजिबात थांबू नका.”

“बांगड्या ऐका म्हणजे?”

ती रस्त्याकडं बघायला लागली. चेहरा असा परेशान की मला जरा कसंतरीच झालं. “थांबा, पाणी आणते,” म्हणून मी माठाकडं वळले. ग्लास भरून आणला तर दारात कुणी नाही. बाहेर आले. समोर फाट्याकडं जाणारा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं. माणूस सोडा, कुत्रंही नव्हतं. एसटी पाचशिवाय येत नाही. गेली असेल कुणाच्या गाडीवर, म्हणून मी ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

खरं सांगते, तिचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. मंगलला मी सोमवारीच तपासलं होतं. बीपी किंचित जास्त, बाकी ठीक. पण शुक्रवारी मळ्याकडं जाणं झालंच. सासू गयाबाई ओसरीत बसलेली. मंगल चहा घेऊन आली. सातव्या महिन्यात ओटी भरताना घातलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या, दोन्ही हातांत डझन डझन. तिनं कप माझ्यापुढं केला, मी घेतला, तिनं हात मागं घेतला...

आवाजच नाही.

मी कप खाली ठेवला. तिचं मनगट धरलं तर बांगड्या मांसात रुतलेल्या. एकही हलेना.

“डोकं दुखतंय का गं?”

“न्हाई सिस्टर, बरं हाय.” मग सासूकडं बघून हळूच म्हणाली, “सकाळपासनं डोळ्यापुढं काजवे चमकायलेत.”

बीपी लावलं. एकशे ऐंशी, एकशे वीस. एवढ्या बीपीत कधीही झटके येतात, आणि झटका आला तर बाई जाते, पोटातलं लेकरूही जातं.

“आत्ताच्या आत्ता परभणीला न्यायचं,” मी म्हणाले.

“आज कसं जमंल?” गयाबाई उठली. “रानात बाया लावल्यात. उद्या सकाळच्याला जाऊ की.”

“उद्या न्यायला ही राहणार नाही, आत्याबाई!” मी ओरडलेच. असं बोलू नये, पण बोलले. त्यावर ती तशीच जीप बघायला पळाली.

शीर सापडायला हात मोकळा पाहिजे होता. मी कात्री घेतली. “बांगड्या फोडते.”

“फोडते म्हणू नका!” जीप सांगून आलेल्या गयाबाईचा आवाज फाटला. “वाढवते म्हणा, माय. वाढवते म्हणा.”

“वाढवते,” मी म्हणाले. एकेक बांगडी कापडात धरून चेपली. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि आम्ही जीपमध्ये बसलो. परभणी येईपर्यंत मी मंगलवरची नजर हटू दिली नाही. सारखी बोलत राहिले, काय बोलले देव जाणे. टेबलावर घेताघेता तिला पहिला झटका आला. पण तिथं डॉक्टर होते, सगळं हाताशी होतं. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी आशाताईंकडून नंबर घेऊन मी वनिता सिस्टरला आभाराचा फोन केला. ती म्हणाली, “मी कुठं आले? रविवारपासून मी इकडंच ट्रेनिंगला आहे.”

मला वाटलं, फिरकी घेतेय.

“आणि बांगड्यांचं मी कुणालाच बोलले नव्हते,” ती म्हणाली. “निघायच्या दिवशी लक्षात आलं, तिच्या बांगड्या घट्ट व्हायलात म्हणून. रोज दुपारी डबा उघडला की तेच. घास उतरत नव्हता ओ. चार्ज द्यायचा राहिला, चार्ज द्यायचा राहिला...”

फोन ठेवून तिचा डीपी बघितला. हनुवटीवर तीळ.

इथंच संपलं असतं तर मी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण माझीही ऑर्डर संपली. त्याच संध्याकाळी परभणीतल्या एका दवाखान्यातून फोन आला, उद्यापासून या. मी आशाताईंकडं किल्ली टाकली आणि निघाले. ज्याच्यासाठी शिव्या घातल्या होत्या तेच केलं. एक गोष्ट मात्र टोचत होती. गयाबाईला शुगर होती, आणि शेवटच्या आठवड्यात ती डावा पाय ओढत चालायची. बघू म्हटलं की उजवाच पुढं करायची. उद्या धरून बघते म्हटलं होतं... तो उद्या आलाच नाही.

आठ दिवसांनी गावच्या नव्या सिस्टरचा फोन आला. मी तिला कधी बघितलंही नव्हतं.

“ताई, लय उपकार झाले. तुमी सांगितल्यासारखं डावाच पाय बघितला. तळव्याला केवढी जखम! डॉक्टर म्हणाले, पाय वाचतोय. पण त्या दिवशी तुमी पाणीसुद्धा न घेता गेलात ओ. मी ग्लास घेऊन आले तर दारात न्हाईत.”

“कधी?” मी विचारलं.

“परवा. दुपारी दीडला.”

परवा दीडला मी परभणीत, स्टाफरूममध्ये, उघड्या डब्यापुढं बसले होते. समोर दुसरी सिस्टर होती. ती म्हणालीही होती, “अहो, कुठं हरवलात? तीन हाका मारल्या.”

वनिता आणि मी त्यावर बोलणंच टाळतो. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. आता मात्र कुठं चार दिवसांसाठी जरी काम मिळालं तरी समोरच्याला चार्ज दिल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. माणूस आलं नसेल तर बस सोडते, थांबते. लोक म्हणतात, सिस्टर नियमाच्या लई पक्क्या.

नियमाचं काही नाही हो. मला एका वेळी एकाच ठिकाणी राहायचंय.