गडग्यावरची शाबासकी

माझ्या मामेसासऱ्यांनी ज्याला चांगलं म्हटलं, त्याचं चांगलं झालेलं मालवण तालुक्यात कुणी पाहिलेलं नाही. माणूस तसा इतका प्रेमळ, की दारात आलेल्या मांजरालाही ‘इलंस? बस’ म्हणतील. पण कौतुक तोंडाबाहेर पडलं की समोरच्याचं काहीतरी बिनसलंच. शेजाऱ्याच्या कलमांचा मोहर बघून ‘यंदा बाग भरान गेली’ म्हणाले आणि आठवड्याच्या आत वाऱ्याने निम्मा मोहर खाली आणला. माझ्या लग्नात त्यांनी भर मांडवात जाहीर केलं, ‘जावई आमचो सोन्यासारखो!’ त्यानंतर सोनं सोडाच, माझ्या डोक्यावरचे केससुद्धा टिकले नाहीत. तरी दर भेटीत ते हे वाक्य न चुकता म्हणतात आणि मी न चुकता खिशातल्या खिशात बोटं मोडतो.

मामा शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यापासून त्यांनी आयुष्य कॉलेजच्या कबड्डी संघाला वाहिलं आहे. कॉलेजचं मैदान आणि त्यांचं अंगण यांच्यामध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा, कुंपणाची बुटकी भिंत. रोज चार वाजले की त्यावर गोणपाट घालून मामा बसणार. पकड करणाऱ्यांत त्यांना रस नाही. त्यांचा सगळा जीव चढाई करणाऱ्यात. ‘पकड काय, पाच जणांनी करूची. चढाईक मानूस एकटो जाता रे!’ असं ते म्हणतात आणि असे एकटे जाणारे ते कुठेही हुडकून काढतात. एका लग्नाच्या पंगतीत कॉलेजातला एक मुलगा दोन वाढप्यांच्या मधून सुळकन घुसला, टोपातले वडे उचलून कुणाला कळायच्या आत आपल्या पानावर परतला. मामा हातातला घास टाकून उठले. ‘बघितलास? हात लावून परत इलो!’ मुलाला वाटलं आता ओरडा बसणार. त्याला दुसऱ्या दिवशी मैदानावर नेऊन उभं केलं गेलं.

पण हाय रे दैवा. या वडेवाल्याचं मामांनी सबंध बाजारात कौतुक केलं आणि पहिल्याच सामन्याआधी त्याला कावीळ झाली. मिठबावचा एक उंच मुलगा होता. ‘हात नाय, गळ आसा तो’ म्हणाले, तर त्याचा घोटा मुरगळला, तोही खेळताना नव्हे, एस्टीतून उतरताना. पिंगुळीच्या चपळ मुलाला तर नुसतं ‘बरो आसा’ म्हटलं होतं. त्याला गोव्यात नोकरी लागली. यात वाईट काय झालं, असं मामा मला अजून विचारतात. पुढे पुढे आया आपल्या मुलांना गडग्याच्या बाजूने चढाई करू देईनात. एकीने तर मीठ-मिरच्या आणून मामांच्याच हातात दिल्या आणि मुलाची दृष्ट काढायला लावली. मामांनी ती मनापासून काढली आणि ओवाळता ओवाळता म्हणाले, ‘काय मांड्या आसत पोराच्या!’

यंदा चतुर्थीला आम्ही गेलो तेव्हा गावात एकच काळजी होती. संघाचा हुकमी चढाईवाला शिक्षण संपवून मुंबईला गेला होता, गणपतीनंतर स्पर्धा होत्या आणि चढाईला नाव घेण्यासारखा मुलगा एकच, वरच्या वाडीतला बाबल्या. काटकुळा, अबोल, पण पाय असा टाकायचा की समोरच्याला तो कळेपर्यंत हा मध्यरेषेवर परत. अख्खा संघ आपल्या क्रीडाशिक्षकांसह मामांच्या घरी भजनाला आला. आरती झाली आणि मामा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. ‘बा देवा गणपती म्हाराजा! ह्या पोरांनी तुझी सेवा केल्यानी, ती मान्य करून घे. चढाईक कोण नाय म्हणान आमका काळजी होती. पन म्हाराजा, त्या बाबल्याचो पाय—’

इथे सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. कुणी म्हणेना. बाबल्या पांढराफटक पडला होता. क्रीडाशिक्षक हात जोडून पुढे झाले आणि ऑफिसातल्या मराठीत म्हणाले, ‘मामा, एक नम्र विनंती आहे. यंदा कृपया आमचं कौतुक करू नका.’

मामा थांबले. राहिलेलं गाऱ्हाणं त्यांनी मनातल्या मनात पुरं केलं आणि सगळ्यांच्या हातावर भजनानंतरची उसळ ठेवली. दुसऱ्या दिवशी चार वाजले, मैदानावर दम घुमायला लागला, पण मामा पडवीत मैदानाकडे पाठ करून बसले. गोणपाट दारामागे तसंच. मला फार वाईट वाटलं. ज्याला आवडलेलं आवडलं म्हणायची बंदी झाली, त्याने दिवस काढायचा कसा? शेवटी मामी सुपातले तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, ‘बरा म्हणूक नको म्हणतत, तर वायट म्हणा! माझ्या जेवनाक तुमी कधी बरा म्हटलास? रोज काय तरी खोट. माझा काय वायट झाला?’

मामा ताडकन उठले. दारामागचं गोणपाट घेतलं आणि गडग्यावर चढले. ‘रे बाबल्या, मेल्या, पाय आसत काय खांब? दम घेतस काय भजन करतस? आवशीन जेवूक घालूक नाय तुका?’ बाबल्याने वळून पाहिलं आणि मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्या दिवसापासून मामांच्या शिव्यांनी मैदान दुमदुमू लागलं आणि पोरांना त्याचं व्यसन लागलं. एक गडी तर खट्टू होऊन गडग्यापाशी आला, ‘मामा, माका काय एक बोलनास नाय?’ मामांनी त्याचीही सोय केली. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी वैभववाडीकडचा एक संघ सरावाला आला, तेव्हा बाबल्या एका चढाईत तिघांना बाद करून परतला. मामांच्या तोंडातून ‘काय—’ एवढंच निसटलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबले, डोळे गच्च भरून आले आणि मग ते ओरडले, ‘मेल्या, चवथो खंय सोडलंस?’

निघताना मी त्यांना हळूच विचारलं, ‘मामा, खरं सांगा, यंदा चढाई कशी?’ मामांनी इकडेतिकडे पाहिलं. ‘कसली चढाई नि कसला काय. एक पोरगो धड नाय,’ म्हणाले, आणि चेहऱ्यावर अशी तृप्ती, जी मामींच्या हातची फणसाची भाजी खाल्ल्यावरच दिसते. मग सवयीने त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘जावई आमचो—’ म्हणाले आणि थबकले. त्यांची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली. ‘तुमी एवढे शिकलास, पन नारळाची पिशवी धड बांधूक येना नाय तुमका! कसलो जावई मिळालो आमका, देव जाणे.’ आणि माझ्या हातून पिशवी ओढून घेऊन त्यांनी ती सुंभाने पुन्हा बांधली, नीट, दोन गाठी मारून.

पुण्याला आल्यावर हिने नारळ काढायला ती पिशवी मागितली. मी म्हटलं, राहू दे अजून दोन दिवस. इतकी वर्षं मी त्या घरचा नुसता जावई होतो, आता मामांच्या शिव्या खाणाऱ्या पोरांत माझीही भरती झाली होती. गाठ सोडायला माझे हात होईनात.