अण्णाचा अर्धा मोर

‘कॉम्प्युटर आपोआप बिघडला’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एकच विचारते – शेवटचं बटण कोणतं दाबलंत? आपोआप काही होत नसतं. बारा वर्षं सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतेय. आत्म्याबित्म्याचा विषय कुणी काढला की माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

आमचं घर तेलुगू विणकरांचं. मोठा भाऊ, अण्णा, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चादरींची डिझाइनं करायचा. आमच्या घरात जुनी रीत होती – चादरीला दृष्ट लागू नये म्हणून नक्षीच्या कोपऱ्यातला एक चौकोन मुद्दाम चुकवायचा. लहानपणी अण्णा ग्राफ पेपरवर सगळी नक्षी रंगवायचा आणि शेवटी मला हाक मारायचा, "ये, तुझं काम कर. चुकव." चुका करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे कागद जाऊन कॉम्प्युटर आला, तरी तो शेवटचा चौकोन माझ्याकडेच राहिला.

दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत अण्णा गेला. अम्मासाठी, आमच्या आईसाठी, तो मोराची चादर करत होता. मोराचं अंग झालं होतं, पिसारा राहिला.

गेल्या उन्हाळ्यात त्याच कारखान्याच्या मालकांचा फोन आला. "ताई, शेजारच्या कारखान्याचे समदे कॉम्प्युटर कुणीतरी बाहेरून लॉक केले की. आपलं जरा बघून जावा."

कारण मला माहीत होतं. त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालतं. एका कॉम्प्युटरवरच्या फाइल दुसऱ्यावर उघडाव्यात म्हणून तिच्यात एक नेटवर्क सर्व्हिस असते. त्या सर्व्हिसमध्ये भोक सापडलं होतं – पासवर्ड न देता कुणीही आत शिरून फाइल बदलू शकत होतं. जुन्या सिस्टीमला आता कंपनीकडून दुरुस्ती येत नाही. मग सर्व्हिसच बंद करून टाकायची, पाच मिनिटांचं काम.

बंद करण्याआधी सवयीने सगळ्या कॉम्प्युटरवर उघडणारा फोल्डर बघितला. अण्णाची मोराची फाइल त्यात होती... आणि ती शेवटची बदलल्याची तारीख आजची. वेळ चार वाजून दहा मिनिटं. म्हणजे चहाची सुट्टी – माग बंद, सगळे टपरीवर. फाइल उघडली. पिसाऱ्यात दोन नवे डोळे भरलेले होते.

कुणीतरी त्या भोकातून येऊन चेष्टा करतंय, असं वाटून मी जाम चिडले. नोंदी तपासल्या. फाइल बदलणाऱ्या मशीनचं नाव होतं अण्णाच्या कॉम्प्युटरचं. त्याची हार्ड डिस्क माझ्या घरी कपाटात, त्याच्याच रुमालात गुंडाळलेली आहे; तिच्याशिवाय तो कॉम्प्युटर सुरूच होणार नाही.

मी इंटरनेटची केबल काढली, फाइल असलेला एक सोडून सगळे कॉम्प्युटर बंद केले. दुसऱ्या दिवशी चार दहाला आणखी तीन डोळे.

सर्व्हिस बंद केली असती तर येणाऱ्याची वाटच बंद झाली असती. मालकांना खोटंच सांगितलं – तपास बाकी आहे, सर्व्हिस थोडे दिवस चालू ठेवते. ते म्हणाले, "वीस माणसं हायत माझ्याकडं, ताई. एखाद्या पेन ड्राइव्हातनं बी घुसंल ते. माग थांबले की त्यांच्या चुली थांबत्यात. शनिवारच्या पुढं न्हाय."

बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर तेवढेही दिवस दिले नसते.

घरी अम्माला सांगितलं. ती वेणी घालत होती, हात थांबला नाही तिचा. "अर्धं काम टाकणारा न्हाय तो," म्हणाली. "पण तू तितं बघत बसू नको. कुणी बघितलं की हात थरथरतो त्याचा."

मग रोज चहाच्या सुट्टीत मी पाठ करून बसायचे. मागे काही वाजायचं नाही. एकदा नुसतंच विचारलं, जेवलास का? आणि पोटभर रडले.

शनिवारी चार दहाला पिसारा पूर्ण झाला. मी कोपरा बघितला. सगळे चौकोन बरोबर होते, एकही चुकलेला नव्हता. तेवढं काम त्याने माझ्यासाठी ठेवलं होतं.

माग पुन्हा सुरू झाले. मालक दारात आले, "झालं का, ताई?" मी हो म्हटलं. एक चौकोन चुकवला, फाइल सेव्ह केली आणि सर्व्हिस बंद केली.

चादर विणून झाली. अम्मा ती अंगावर घेत नाही, घडी करून उशाशी ठेवते. याच धंद्यातल्या दोघांना मी सगळ्या नोंदी दाखवल्या. घड्याळ चुकलं असेल, जुना बॅकअप असेल, असं म्हणाले. पण ते डोळे भरले कुणी, हे त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

त्या कारखान्यात गेले की चहाच्या सुट्टीत अजून ती फाइल उघडते. तारीख त्या शनिवारचीच असते, शेवटचा हात माझा. एकच वाटत राहतं – तो चौकोन मी इतक्या लगेच चुकवायला नको होता. काम बाकी होतं तोवर अण्णा थांबला असता माझ्यासाठी.