किन्हवलीमार्गे आईचा पहिला बर्गर

आईला एकदा तरी बाहेर पोटभर खाताना बघायचं, एवढ्या एका हट्टापायी दोन हजार आठच्या हिवाळ्यात ही फेरी झाली. म्हणाल, त्यात काय मोठंसं? तर ऐका. पहिल्या पगाराला मी तिला कल्याणच्या हॉटेलात नेलं, तर बाईंनी एक भाजका पापड खाल्ला आणि वर पाणी प्यायल्या. दहावी पास झालो तेव्हा मी दिलेला पेढा तिने शेजारणीला देऊन टाकला. माझ्या लग्नातल्या श्रीखंडाचीही तीच गत. विचारलं की उत्तर ठरलेलं, दूध सोसत नाय. बाहेर कशात दूध-तूप पडलं असेल कुणी सांगावं, म्हणून बाहेरचं सगळंच बंद! मी जात्याच तापट. कल्याणहून परतल्यावर दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो.

मग ऑफिसातल्या वाशिंदच्या मित्राने बातमी आणली. शहापूरला हायवेलगत, आसनगावच्या बाजूला, एका जोडप्याने बर्गरचं दुकान टाकलं होतं. मटण-मच्छी तर नाहीच, पण दूध, लोणी, चीजही नाही. व्हीगन म्हणे. शब्द आमच्यासाठी कोरा करकरीत होता, पण मी मनात म्हटलं, हे दुकान माझ्या आईसाठीच उघडलंय.

रविवारी सकाळी टोकावड्याजवळच्या आमच्या गावातून मोटरसायकल काढली. मागे आई, ठेवणीतलं पातळ नेसून. सरळगावला आमच्याकडचा हायवे सोडायचा आणि किन्हवलीचा रस्ता धरायचा. तेव्हा शंभराच्या पेट्रोलात जाऊन-येऊन व्हायचं. रस्ता मात्र असा, की कंबर जागेवर आहे ना हे अधूनमधून चाचपून बघावं लागे. भात कापून झालं होतं, खाचरांत वाल हिरवागार उभा होता. समोरून गवताचे ट्रक येत होते. हे सगळं मुंबईच्या तबेल्यांना जातं, असं मी सांगितलं, आणि आई आपल्या म्हशींच्या आठवणीत शिरली.

नव्वदच्या दशकात आमच्या दोन म्हशी होत्या. धार आई काढायची, दही तीच लावायची, तूप कढवायची. कढी झाली की मला हाक मारून मीठ बघायला सांगायची. मला वाटायचं, केवढे लाड! आणि रोज सकाळी गरम दुधाचा पेला माझ्या हातात देऊन समोर उभी राहायची. शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत हलायची नाही. त्या सायीची चव आठवली की आजही जीव कासावीस होतो. मी नोकरीला लागलो, वडील गेले, म्हशी विकल्या.

दुकान म्हणजे पत्र्याखाली चार टेबलं. नवरा तव्यावर आणि बायको गिऱ्हाइकांपुढे. ती केतकी, ठाण्याची, जीन्स घातलेली, गोड बोलणारी. बर्गर चाळीस रुपये. आईने आधी वरचा पाव उचलून आत बघितलं. पांढरं दिसताच हात आखडला. केतकीने शेजारी बसून समजावलं की हे शेंगदाणे वाटून लिंबू पिळलंय, पाव बिनदुधाचा आहे, टिक्की वाल आणि सुरणाची. आईने तीन वेळा खात्री करून घेतली, मग पहिला घास घेतला. खरं सांगायचं तर मला ती वालाची उसळ पावात कोंबल्यासारखी लागली. पण आईने अख्खा बर्गर संपवला आणि दुसरा मागितला! माझा आनंद गगनात मावेना. दुसरा येईपर्यंत तिने केतकीला विचारलं, तूसुद्धा दूध सोडलंस का? केतकी म्हणाली, तीन वर्षं झाली.

"कुणासाठी गो?"

केतकी जरा गोंधळली. "म्हशींसाठीच म्हणा ना, आई. त्यांच्या पारडांसाठी."

मला वाटलं, आता आई हसणार. ती हसली नाही. तिने मान डोलावली आणि मनापासून विचारलं, "मग, वाचलं का पारडू?"

"काही वाचली असतील," केतकी हळूच म्हणाली.

"माझा वाचला," आई म्हणाली. हनुवटीने माझ्याकडे दाखवलं आणि दुसरा बर्गर हातात घेतला.

मी चार वर्षांचा असताना विषमज्वराने मुरबाडच्या दवाखान्यात पडलो होतो, एवढंच मला ठाऊक होतं. पोर घरी आलं तर दुधाचा थेंब तोंडात घालणार नाय, असा नवस ती गावदेवीला बोलली होती, हे त्या पत्र्याखाली तिच्याच तोंडून कळलं. आणि मी एका पापडावरून रुसलो होतो. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

आता ते दुकान शोधू नका, वर्षभरात बंद झालं. रस्ता मात्र सुधारलाय. वाल शेंगेला येतो तेव्हा जरूर जा, आणि आईला मागे बसवून न्या.

त्या रविवारी घरी पोचल्यावर मला राहवेना. तिला म्हटलं, अगं, मी आता बत्तीस वर्षांचा बाप्या झालोय, धडधाकट आहे, कसला नवस अन् कसलं काय! आता तरी घोटभर दूध घे.

आई पातळाची घडी घालत होती. तिने वर बघितलंही नाही.

"तू हायेस ना अजून?" ती म्हणाली. "मग?"