वरंब्यावरचा काळा रंग

धूलकोटची ती बाई माझ्या दवाखान्यात आली होती हातांसाठी. केळीचा चीक लागून तळहात फुटले होते. मी मलम लिहीत असताना तिनं खुर्चीवर पाय वर घेतला आणि टाचेवरचा काळा डाग मला दिसला. वाटाण्याहून मोठा, कडा वेड्यावाकड्या.

"हा कधीपासून?"

"काटा मोडला असंल," उत्तर सोबत आलेल्या नवऱ्यानंच दिलं.

मी डर्मोस्कोप टेकवला. दिवा लावलेलं भिंगच ते. तळपायाच्या कातडीवर सऱ्या-वरंबे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत उतरतो. इथे तो वरंब्यांवर चढून बसला होता. मी नवऱ्यालाही दाखवलं. शेतकऱ्याला सरी-वरंबा काय समजावायचा?

"बराबर. काळं वरतीच आहे."

"म्हणून तुकडा काढून तपासू. कॅन्सर असू शकतो."

"छेडलं तं पसरतं, मॅडम."

तुकड्यानं पसरत नाही, उशिरानं पसरतो, हे मी मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. "देखते हैं," म्हणून तो तिला घेऊन गेला. नंतर फोन केले, तर उचलेना.

मला चीड याची येते की मी काही दिसेल तो तीळ कापत सुटत नाही. त्यासाठीच तर ते भिंग आहे. त्यातून बघून कितीतरी लोकांना मी 'काही नाही, जा घरी' म्हणून परत पाठवते. तेव्हा सगळ्यांना पटतं. 'कापू' म्हटलं की मात्र माझंच ज्ञान खोटं!

काही महिन्यांनी, केळीची कापणी उरकल्यावर ती आली. बसनं, एकटीच.

"घरी नाही सांगितलं. काढा तुम्ही."

काढला. रिपोर्ट मला भीती होती तोच आला. मग घरी सांगावंच लागलं. इंदूरला ऑपरेशन झालं, मांडीची कातडी टाचेला लावली. कॅन्सर जांघेतल्या गाठींत पसरलेला नव्हता. एवढ्या महिन्यांनंतरही नव्हता, हे तिचं नशीब.

नंतर माझ्याकडे पट्टी बदलायला आली, तेव्हा नवरा सोबत आला. ती टेबलावर चढून बसली, तो दारात उभ्यानंच म्हणाला, "तुम्ही छेडलं नसतं, तं कॅन्सर निघालाच नसता."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलावरून ती म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."

तो गेला. मी पट्टी सोडायला घेतली. रागात एक वेढा जरा जोरातच ओढला गेला.

"हळू, मॅडम," ती म्हणाली.