श्रीखंडाचा डबा

“आजोबा, श्रीखंडाच्या डब्यात शी आणलीत? कडेला अजून केशर हाय!”

सुकापूरच्या लॅबमधला नमुने घेणारा हा माणूस ओरडला, की नेऱ्याच्या डोंगरावरून प्रतिध्वनी येतो. हात तर इतका वेळ धुतो, की तेवढ्यात इमारतीची टाकी रिकामी व्हावी. चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत, जुलाब राहतात. कुणी लाजलं, की आणखी मोठ्यानं विचारतो, “पाण्यासारखी का चिकट? रक्त हाय?”

मी त्यानं दिलेल्या डबीत वर्षभराच्या नातीचा दुसरा नमुना नेऊन दिला. रक्त नव्हतं, पू नव्हता. डॉक्टर म्हणाले, “जिवाणू नाही, विषाणू दिसतोय. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ओआरएस चमच्याचमच्यानं पाजा. संध्याकाळपर्यंत शू झाली नाही, तर ॲडमिट करू.”

दिवसभर आम्ही चमचा आणि लंगोट, एवढंच बघत होतो.

संध्याकाळी फोन आला. आवाज इतका हळू, की मी आधी ओळखलाच नाही.

“पोरीला शू झाली का?”

“आत्ताच झाली!” या वेळी मीच ओरडलो. “देवमाणूस आहात हो तुम्ही!”

“बरं,” तो म्हणाला. “तुमचा डबा मी फेकला हाय.”